वाचक विचारतात: लेथवरचा वाडगा, अडकणारं गाऊज आणि तडकणारं लाकूड

गेल्या अंकात लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, केलेल्या लाकडी वाडग्यांवर चार ओळी लिहिल्या तर एवढी पत्रं आलीत की निवडूनच घ्यावी लागली. बहुतेकांचं गाडं दोनच ठिकाणी अडलंय, हत्यार अडकतं नाहीतर लाकूड फुटतं, म्हणून तिथे जरा जास्त लिहितो, बाकीचं भराभर.

प्रश्न (मुलुंड): दादा, सेकंडहँड लेथ घेतला, सोबत सहा हत्यारांचा सेट आला. त्यातलं सगळ्यात रुंद गाऊज (खाच असलेली पटाशी) 8 इंची आंब्याच्या ठोकळ्याला लावलं की धाडकन अडकतं, एकदा तर ठोकळा चकमधून (तो पकडणाऱ्या जबड्यांतून) सुटून भिंतीवर गेला. धार व्यवस्थित आहे. चुकतंय कुठे?

आधी ते रुंद गाऊज बाजूला ठेवा, आजच. ते स्पिंडल रफिंग गाऊज आहे, म्हणजे पलंगाचे पाय, लाटणी असल्या लांब कामाचं. मुठीत जाणारा त्याचा भाग चपटा आणि बारीक असतो, वाडग्यावर जोराचा झटका बसला तर तिथूनच वाकतं किंवा मोडतं. वाडग्याला बाऊल गाऊजच हवं, ते अख्ख्या गोल सळईतून बनवलेलं असतं, खाच खोल असते, 10-12 मिमीचं एक चांगलं एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) घेतलंत तरी बाकीचा सेट माळ्यावर टाकला तर चालेल. सेट विकणाऱ्यांना हे सांगायला काय होतं कळत नाही.

आता अडकतं का ते बघा. लाटणं कातताना लाकडाचे रेषे लेथच्या लांबीला धरून असतात. वाडग्याचा ठोकळा आपण आडवा लावतो, त्यामुळे एका फेऱ्यात हत्याराला दोनदा रेषांची बाजू मिळते आणि दोनदा त्यांची कापलेली तोंडं. रुंद सपाट धार त्या तोंडांवर आपटली की लाकूड तिला आत ओढून घेतं, तुमच्या मनगटात कितीही जोर असू दे. म्हणून दिशा पाळायची: बाहेरची बाजू बुडाकडून काठाकडे, आतली काठाकडून मध्याकडे. असं केलं की कापल्या जाणाऱ्या रेषांना मागून दुसऱ्या रेषांचा आधार राहतो आणि ते उपटले जात नाहीत.

आणि धार थेट टेकवायची नाही. आधी हत्यार टूल रेस्टवर, म्हणजे ते टेकवायच्या पट्टीवर, मग धारेमागचा उतार म्हणजे बेव्हल लाकडावर घासू द्यायचा, त्या वेळी काहीच कापलं जाणार नाही, मग मूठ हळूहळू उचलायची की ढलपी सुटायला लागते. लांब सलग ढलपी आली तर बरोबर चाललंय, नुसता भुसा उडतोय तर धार गेलीय किंवा बेव्हल सुटलाय. गाऊजची खाच वर आकाशाकडे तोंड करून ठेवू नका, ज्या बाजूला जायचंय तिकडे कलती ठेवा. आतून स्क्रेपर (खरवडायचं हत्यार) वापरणार असाल तर त्याचं टोक किंचित खाली झुकलेलं हवं, वर उचललेलं असेल तर ते अडकणारच.

ठोकळा उडाला त्याचं कारण बहुतेक टेननमध्ये आहे. चकने पकडायला बुडाशी जो गोल खुंट सोडतो तो चकच्या तळाला टेकता कामा नये, खुंटाच्या भोवतीचा सपाट खांदा जबड्यांच्या तोंडावर घट्ट बसायला हवा, पकड खरी तिथे येते. खुंटाचा व्यास वाडग्याच्या एक तृतीयांशाहून कमी नको, तुमच्या 8 इंचीला पावणेतीन-तीन इंच ठेवा. बाहेरची बाजू कातताना टेलस्टॉक (समोरून ठोकळ्याला दाबून धरणारा टेकू) लावूनच ठेवा, काढायची घाई कशाला?

वेगाचा एक ठोकताळा आहे, इंचातला व्यास गुणिले आरपीएम (मिनिटाचे फेरे) साधारण 6000 ते 9000 मध्ये राहू द्यायचं. म्हणजे 8 इंचीला 750 ते 1100. पण हे ठोकळा गोल झाल्यावरचं, ओबडधोबड असताना लेथचा सगळ्यात कमी वेग, आणि चालू करायच्या आधी हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघायचा, कुठे टूल रेस्टला घासत नाही ना. फेस शील्ड पूर्ण चेहऱ्याची घ्या, साध्या चष्म्याने काही होणार नाही.

प्रश्न (विलेपार्ले): आमच्या गल्लीतलं पर्जन्यवृक्षाचं झाड पावसात पडलं, तोडणाऱ्यांकडून विचारून दोन ओंडके घेतले. एक बाऊल कातून फुल स्पीड पंख्याखाली ठेवला, चार दिवसांत काठापासून बुडापर्यंत तडा. एवढ्या दमट हवेत लाकूड सुकून फुटतंच कसं?

हवा दमट असली तरी ताजं तोडलेलं लाकूड तिच्यापेक्षा फार ओलं असतं, त्यातनं पाणी जाणारच. फुटतं ते सगळीकडून सारखं न सुकल्यामुळे. रेषांच्या तोंडातून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने जातं, त्यात लाकूड वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडच्या दिशेने, आणि वर तुमचा पंखा फुल स्पीडवर. तडा काठापासून बुडापर्यंत म्हणताय म्हणजे मला शंका आहे की ओंडक्याचा मधला गाभा वाडग्यात राहिला असणार. गाभा आधी काढून टाकायचा, ओंडका गाभ्यावरून उभा चिरून दोन अर्ध्या भागांतून दोन वाडगे काढायचे.

मग पहिल्या खेपेला जाडच कातायचं, भिंत व्यासाच्या दहाव्या भागाएवढी, 8 इंचीला साधारण 20 मिमी, आणि सगळीकडे सारखी, बूड जाड आणि काठ पातळ असं नाही. जिथे रेषांची तोंडं दिसतात तिथे मेण फासा, त्याच लाकडाच्या ढलप्यांसकट कागदी पिशवीत घाला आणि पंख्यापासून लांब ठेवा. दर आठवड्याला किचनच्या वजनकाट्यावर ठेवून आकडा पिशवीवरच लिहायचा. वजन उतरायचं थांबलं की सुकलं, यात काही महिने जातात, त्याला इलाज नाही. पावसाळ्यात मात्र वजन थांबलं म्हणून फसू नका, ते तेवढ्या दमट हवेपुरतं थांबलेलं असतं, डिसेंबर-जानेवारीत पुन्हा उतरतं. शेवटचं कातकाम मी तरी थंडीतच करा म्हणेन. बुरशी दिसली तर पिशवी बदला, ढलप्या कोरड्या घाला.

तोवर वाडगा लंबगोल होईल, व्हायलाच हवा, म्हणून तर जाडी सोडलीय. टेनन आधी पुन्हा गोल करून घ्या मग चकमध्ये धरा. एवढा धीर नसेल तर ओलं असतानाच एकदम 5-6 मिमी पातळ कातून टाका, वाकडातिकडा होईल पण सहसा फुटत नाही, मला स्वतःला तो वाकडेपणा आवडतो.

दुसरा ओंडका मात्र जपा हं. पर्जन्यवृक्ष तसा कमी आकसणारा, हवाई आणि फिलिपिन्समध्ये वाडगे करायला हेच लाकूड भरपूर वापरतात. पडलेल्याचं घेतलंत ते ठीक, उभ्या झाडाला हात लावायचा तर 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे पालिकेची परवानगी लागते, फांदीसाठीसुद्धा.

प्रश्न (दादर): वन बीएचकेमध्ये मिनी लेथ ठेवता येईल का? आणि चक कुठे मिळेल?

येईल. लेथचा आवाज मिक्सरपेक्षा कमी, खालच्यांना त्रास होतो तो थरथरीचा, तर जाड रबर मॅट आणि जड टेबल. खरा प्रॉब्लेम धुळीचा आहे, सँडिंग करताना चांगला मास्क हवाच, सागवान आणि शिसवीच्या धुळीने कित्येकांना खाज आणि शिंका सुरू होतात. चकसाठी नागदेवी स्ट्रीटला चक्कर मारा, पण जायच्या आधी तुमच्या स्पिंडलचे (चक बसतो त्या दांड्याचे) आटे मोजून न्या, मिनी लेथना बरेचदा 1 इंच जाडी आणि इंचाला 8 आटे असतात आणि मोठ्यांना 33 मिमी जाडी, न जुळणारा चक गळ्यात पडला तर परत कोण घेणार.

प्रश्न (गिरगाव): सावंतवाडीच्या खेळण्यांसारखी लाख वाडग्याला लावली तर त्यात कोशिंबीर ठेवता येईल का?

लावता मस्त येते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चढते, कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे खेळणी करणारे कारागीर मग केवड्याच्या पानाने ती सारखी करून चकाकी आणतात. पण गरम पदार्थाने, कोशिंबिरीवरच्या गरम फोडणीनेही, लाख मऊ पडते, तेव्हा लाखेचा वाडगा फळांना, सुक्या मेव्याला ठेवा.

कोशिंबिरीच्या वाडग्याला 400 नंबरपर्यंत पॉलिशपेपर मारून कच्च्या जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात नीट सुकू द्यायचा, घाई केली तर चिकट राहतं. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड नको, त्यात सुकवणारी रसायनं घातलेली असतात. शेंगदाण्याचं तेलही नको, ते सुकत नाही, खवट वास मारतं. आणि जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. गॅलरीत दोरीवर सुटी पसरून कडक वाळू द्या, मगच कचऱ्यात.