वाघाच्या जंगलाला मार्क कोण देतं?

प्रश्न : आमचं गाव व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याच्या भोवतालच्या पट्ट्यात आहे, पूर्व विदर्भात, नाव नका टाकू. पेपरात आलं होतं की आमच्या व्याघ्र प्रकल्पाला 'व्हेरी गुड' मिळालं म्हणून. इकडे धान रानडुकरानं लोळवलं, पंचनामा होऊन किती महिने झाले तरी पैशाचा पत्ता नाही, जागलीला जायचं तर वाघाची धास्ती. मंग व्हेरी गुड काऊन? मार्क देणारे आमच्या गावात आलेच नाही.
— एक कास्तकार वाचक

उत्तर : भाऊ, राग बरोबर आहे तुमचा. पण मार्क कशाचे ते आधी बघू, कारण पेपरवाले एक टक्केवारी छापतात नि बाकीचं गाळून टाकतात. याला व्यवस्थापन परिणामकारकता मूल्यमापन म्हणतात, फॉरेस्टवाले नुसतं एमईई म्हणतात. साधारण दर चार वर्षांनी होतं, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण नि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था मिळून करतात, टीमवर बहुतेक रिटायर झालेले मोठे वन अधिकारी आणि वन्यजीव अभ्यासक असतात. 2022 च्या फेरीत देशातले 51 प्रकल्प तपासले, केरळचं पेरियार 94 टक्क्यांच्या वर जाऊन पहिलं आलं.

ढाचा आययूसीएनचा, म्हणजे निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, 2000 सालचा. त्यात सहा गोष्टी बघतात, जंगलाचं मोल नि धोके काय, प्लॅन आहे का, माणसं आणि पैसा वेळेवर येतो का, रोजचं काम कसं चालतं, ठरवलेलं किती झालं, आणि शेवटी त्यातून निघालं काय. तीसच्या वर निकष, प्रत्येकाला 2.5, 5, 7.5 किंवा 10 मार्क. आता जरा हिशोब करा. समजा माणूस-वन्यप्राणी संघर्षाच्या प्रश्नात प्रकल्पाला 10 ऐवजी 2.5 पडले, सपशेल खराब, तरी एकूण टक्केवारी घसरते जेमतेम दोन-अडीचनं. गस्त चांगली, प्लॅन मंजूर, कॅमेरे लागलेले, पर्यटन जोरात, की बाकीचे प्रश्न ती घसरण कुठल्या कुठे झाकून टाकतात. त्यामुळे तुमचं वावर उद्ध्वस्त नि प्रकल्प व्हेरी गुड, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, कोणी खोटं बोलत असेलच असं नाही. माझं विचाराल तर एकूण टक्केवारी ही त्या रिपोर्टमधली सगळ्यात कमी कामाची गोष्ट आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या नावाखाली बलस्थानं, उणिवा आणि तातडीनं करायच्या गोष्टी लिहिलेल्या असतात, ते वाचा. रिपोर्ट प्राधिकरणाच्या वेबसाइटवर फुकट आहे, इंग्रजीत आहे हे खरं, गावातल्या कॉलेजच्या पोराला बसवा.

वाघ वाढले म्हणजे व्यवस्थापन चांगलं, हेही सरळ धरू नका. महाराष्ट्रात 2014 ला अंदाजे 190 वाघ होते, 2022 ला 444. ताडोबा-अंधारीचं कोअर, म्हणजे आतला राखीव गाभा, 625 चौरस किलोमीटरच्या आसपास, बफर 1,100, म्हणजे वाढलेले वाघ राहणार कुठे तर जिथं गावं आहेत, गुरं आहेत, मोह वेचायला बाया जातात तिथंच. आणि ब्रह्मपुरीसारखा वनविभाग, जिथं वाघही भरपूर नि संघर्षही, तो तर व्याघ्र प्रकल्पच नाही, त्यामुळे प्रकल्पांच्या या परीक्षेत तो बसतच नाही!

राहिलं टीम गावात न येण्याचं. त्यांच्याकडे दिवस थोडे, जंगल मोठं, आणि कुठं न्यायचं हे साहजिकच स्थानिक ऑफिसच्या हातात. म्हणून आत्तापासून गावच्या परिस्थितिकीय विकास समितीत, म्हणजे वनखात्यानं गावकऱ्यांची केलेल्या समितीत, एक रजिस्टर ठेवा. गट नंबर, पीक, किती आर गेलं, अर्ज कधी दिला, वनरक्षक कधी आला, पंचनाम्याची तारीख, पैसे खात्यात पडल्याची तारीख. बस एवढंच, भाषण नको. ग्रामसभेचा ठराव जोडून त्याची कॉपी प्रकल्पाचे प्रमुख असलेल्या क्षेत्रसंचालकांना आणि पुढची फेरी जाहीर झाली की प्राधिकरणाला पाठवा. 'आम्हाला त्रास आहे' याला मार्क कापता येत नाही, 'पंचनामा ते पैसे एवढे दिवस' याला येतो.

प्रश्न : आम्ही लोणारचे. इथं वाघबिघ नाही, पण 2020 ला सरोवर रामसर झालं, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. मग याचं मूल्यमापन कशानं करतात? त्याच वर्षी पाणी गुलाबी झालं ते व्यवस्थापन बिघडल्यामुळे का?
— वाचक, बुलढाणा जिल्हा

उत्तर : गुलाबी रंगाचं आधी सांगतो. पाणी आटलं, क्षार वाढले नि खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं होतं. त्याचं खापर कोणावर फोडायचं कारण नाही.

रामसर स्थळांसाठी वेगळी प्रश्नावली आहे, आर-मेट म्हणतात, 2015 मध्ये उरुग्वेच्या परिषदेत स्वीकारली. प्रश्नाला शून्य ते तीन मार्क. गोम अशी की ती बहुतेक वेळा जागा सांभाळणारेच भरतात, म्हणजे पेपर लिहिणाराच पेपर तपासणार. आणि लोणारला सांभाळणारा एक आहे कुठं, अभयारण्य वनखात्याकडे, बरीच देवळं पुरातत्त्वकडे, गावाचं सांडपाणी नगरपालिकेकडे, वरून जिल्हाधिकारी, शिवाय हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात याचिका. प्रत्येकानं आपापलं भरलं तर सगळे पास. सगळ्यांना एका टेबलाशी बसवून एकच फॉर्म भरायला लावा. त्यात सांडपाण्याचा प्रश्न सोडू देऊ नका, कारण सरोवराचं सगळं वेगळेपण त्याच्या खारेपणात आहे, बाहेरचं गोडं नि घाण पाणी उतरत राहिलं तर तेच बदलतं. काठावरची वेडी बाभूळ किती काढली नि किती परत उगवली, हेही विचारा, नुसतं 'काढली' ऐकून घेऊ नका.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालाय. आम्ही आमच्या जंगलाला असे मार्क देऊ शकतो का?
— वाचक, गडचिरोली

उत्तर : का नाही! 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 नं जंगल नि वन्यप्राणी राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाच आहे, आणि तुमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये हक्क मिळाला, म्हणजे वाट मळलेली आहे. तीस प्रश्न नको, सात-आठ घ्या. वणवा लागला तर गावाला किती वेळात कळतं, पाळीवर कोण जातं, बांबू प्लॅनप्रमाणे तोडला की ठेकेदाराच्या घाईनं, तेंदूचे पैसे कोणत्या महिन्यात वाटले, कोवळ्या बांबूवर गुरं पडतात का. पण ज्यांनी बांबू विकला त्यांनीच त्या कामाला मार्क देऊ नये. शेजारच्या गावाला बोलवा तपासायला, आणि त्यांचं जंगल तपासायला तुम्ही जा, कडक तपासा, कारण ते पण तसंच करणार आहेत.