उंच उडीचा विश्वविक्रम कोणाच्या नावावर आहे? त्या खेळाडूची कारकीर्द कशी होती?

क्यूबाच्या हाविएर सोतोमायोरच्या. २७ जुलै १९९३ रोजी स्पेनमधल्या सालामांका इथे त्याने २.४५ मीटर उडी मारली. किती उंच, हे बघायचं असेल तर फुटबॉलच्या गोलपोस्टखाली उभे राहा आणि मान वर करून आडवा दांडा बघा. तो जमिनीपासून २.४४ मीटरवर असतो. हा गडी पाठ खाली करून त्याच्याही वरून गेला! आठ फूट ओलांडणारा तो आजवरचा एकमेव माणूस.

पहिला विश्वविक्रम, २.४३ मीटर, त्याने १९८८ मध्ये याच सालामांकात केला. त्यानंतर काही दिवसांतच सोल ऑलिंपिक होतं, पण क्यूबाने बहिष्कार टाकला आणि ऐन भरात असलेला हा खेळाडू घरी बसला. मला याची फार हळहळ वाटते. पुढे १९९२ ला बार्सिलोनात सुवर्ण, २००० ला सिडनीत रौप्य, शिवाय १९९३ आणि १९९७ ची जागतिक विजेतेपदं.

१९९९ मध्ये कोकेन चाचणीत तो दोषी ठरला, बंदीही आली. हा डाग आहेच. २००१ मध्ये तो निवृत्त झाला. त्याचा विश्वविक्रम मात्र अजून टिकून आहे; कतारचा उंच उडीपटू बर्शिम २०१४ मध्ये २.४३ मीटरपर्यंत पोहोचला होता.