बाळाची चाचणी, आईची संमती

प्रश्न : सुनेला तिसरा महिना आहे. नाव नोंदवताना रक्त घेतलं, त्यात एचआयव्हीचीही चाचणी होती हे रिपोर्ट हाती आल्यावर कळलं. "सक्तीचीच असते," असं उत्तर मिळालं. बाळ वाचणार असेल, तर खरोखरच सक्ती का नसावी?

उत्तर : चाचणी प्रत्येक गरोदर बाईची व्हावी, पण तिला विचारून. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार नीट समजावून घेतलेली संमती लागते आणि चाचणीच्या अटीवर उपचार अडवता येत नाहीत. न्यायालयाचा आदेश, रक्तपेढीतली तपासणी असे अपवाद मोजके आहेत.

विचारायला दोन मिनिटं पुरतात. "ताई, हिमोग्लोबिनसोबत एचआयव्हीचीही तपासणी करतोय, बाळाला लागण होऊ नये म्हणून. नको असेल तर सांगा, बाकी उपचार थांबणार नाहीत." गर्दीच्या ओपीडीत नेमकं हेच वगळलं जातं आणि सही मागाहून घेतली जाते.

सक्तीला आमचा विरोध बाळासाठीच आहे. उपचार नसतील तर बाधित आईकडून १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. वेळेत उपचार झाले तर अंगावर पाजूनही हे प्रमाण ५ च्या खाली आणता येतं. ही घट सुईने होत नाही, आईने रोज घेतलेल्या गोळीने होते. फसवून सुई टोचता येते, आयुष्यभर रोज गोळी घ्यायला लावता येत नाही. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा यांना केवळ एचआयव्हीबाधित म्हणून ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं. अशा धाकाने माणसं दवाखाना टाळायला शिकतात.

प्रश्न : बाळंतपणाच्या वेळी आई नकार देत असेल, तर जन्मल्यावर बाळाचीच चाचणी परस्पर करता येईल का?

उत्तर : 'फक्त बाळाची' अशी ॲन्टीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं) शोधणारी चाचणी नसतेच. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात येतात आणि १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. म्हणजे टाचेतून घेतलेलं ते रक्त आईचं गुपित सांगतं. न्यूयॉर्क राज्याने १९९७ पासून नवजातांची चाचणी सक्तीची केली, तेव्हा वादाचा गाभा हाच होता. शिवाय लागण बऱ्याचदा कळांच्या आणि जन्माच्या वेळी होते. तोवर ही संधी गेलेली असते.

नकारामागे बहुधा नवऱ्याची, सासरची भीती असते. नातेवाइकांना बाहेर बसवा आणि पुन्हा विचारा. झटपट चाचणीचा निकाल अर्ध्या तासात मिळतो. पहिल्या किटवर दोष दिसला तरी पक्कं निदान वेगवेगळ्या तीन किटवर होतं. कळा सुरू असतील तर मात्र त्याची वाट न पाहता औषध सुरू करतात.

आई बाधित निघाली तर बाळाला नेव्हिरापीन हे एचआयव्हीरोधक औषध लवकरात लवकर सुरू करावं. अडीच किलोवरच्या बाळाला दिवसातून एकदा १.५ मिली म्हणजे १५ मिलिग्रॅम, सहा आठवडे. आईचे उपचार उशिरा सुरू झाले असतील आणि बाळ अंगावर पीत असेल, तर १२ आठवडे आणि जोडीला दुसरं औषध. सिरिंजनेच मोजा. घरातला चहाचा चमचा साधारण ५ मिलीचा, म्हणजे तिपटीहून जास्त डोस. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या. त्यासोबत वरचं दूध चालू केलं तर धोका वाढतो.

सहाव्या आठवड्यात, लसीच्या वेळीच, बाळाच्या रक्तात प्रत्यक्ष विषाणू आहे का हे पाहायला टाचेच्या कडेचे थेंब कार्डावर घेतात. टाच पिळली, वर्तुळ अर्धवट भरलं किंवा कार्ड ओलं असतानाच पाकिटात घातलं, तर नमुना बाद होतो. मग बाळाला पुन्हा टोचायचं आणि आईने पुन्हा रजा काढून यायचं. कित्येक जणी इथेच गळतात. पुढच्या तपासण्या सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, दूध तोडल्यावर काही आठवड्यांनी, आणि शेवटची १८ महिन्यांना.

प्रश्न : नर्सने माझा रिपोर्ट आधी सासूबाईंना सांगितला. हे चालतं का?

उत्तर : अजिबात नाही. जोडीदारालाही फक्त डॉक्टर किंवा समुपदेशकच सांगू शकतात, तेही तुमचं समुपदेशन करून. मारहाणीची किंवा घराबाहेर काढण्याची भीती असेल, तर त्यांनीही सांगायचं नाही. २० किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या रुग्णालयात तक्रार अधिकारी असायला हवा. त्याच्या वर याच कायद्याखाली नेमलेला राज्याचा लोकपाल आहे. तक्रारीत तारीख, वेळ, कोणता वॉर्ड आणि कोणासमोर सांगितलं ते लिहा, पोच घ्या. तोवर घरात धोका वाटत असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर आजच बोला, आणि गोळ्या बंद करू नका.