शेवटची ओळ पाठवलीस कशाला?

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अकरा अलक, म्हणजे अति लघु कथा, मिळाल्या. दोनदा वाचल्या, वेळ फार गेला नाही, हे या प्रकाराचं सुख. अकरांपैकी सात कथांत शेवटच्या ओळीला कोणीतरी आधीच मेलेलं निघतं. आजी चहाचे दोन कप मांडतात, कोणी दाराशी वाट बघतं, कोणी फोन उचलत नाही... चौथ्या कथेपासून मी नवीन पात्र आलं की मनातल्या मनात हार घालून मोकळा होऊ लागलो. धक्का एकदाच बसतो. त्याची सवय झाली की वाचक तुझ्या आधी शेवटाला पोचून तिथे तुझी वाट बघत बसतो.

पासबुकाची कथा मात्र मी बाजूला काढून ठेवली. आजोबा दर महिन्याला बँकेत जातात, पासबुक भरून घेतात, घरी येऊन चष्मा लावून बघतात. मग तू लिहितेस: ‘परदेशातल्या मुलाने पैसे पाठवणं तीन वर्षांपूर्वीच बंद केलं होतं. आजोबा पैशांची नव्हे, मुलाच्या आठवणीची नोंद शोधत होते.’

आधी एक बारकी गोष्ट. बचत खात्यावर दर तिमाहीला व्याज जमा होतं, त्यामुळे तीन वर्षं पासबुक कोरं राहत नाही. बँकेत नोकरी केलेला वाचक तिथेच अडखळेल. कादंबरीत अडखळलेला वाचक पाच पानांनी सावरतो. इथे तो सावरेपर्यंत कथा संपलेली असते.

आता ती दोन वाक्यं. महानुभावांचा दृष्टान्तपाठ तू अभ्यासक्रमात वाचला असशील. चक्रधरस्वामींचे 114 दृष्टान्त केसोबासांनी त्यात लावले. रचना तीन पायऱ्यांची: सूत्र, दृष्टान्त, दार्ष्टान्तिक. दृष्टान्तात हत्ती चाचपणारे आंधळे येतात, आणि दार्ष्टान्तिकात त्यातलं तत्त्व उलगडून सांगितलेलं असतं. तिथे ते हवंच, समोर शिष्य बसलेत. तुझ्यासमोर शिष्य नाहीत, तरी ‘आठवणीची नोंद’ हे दार्ष्टान्तिक तू खाली जोडलंसच. तुझ्या एकटीचा दोष म्हणत नाही. सातशे वर्षांचं वळण आहे, मलाही ते सुटायला फार वर्षं लागली.

मी तुझी कथा अशी करून पाहिली. आवडली नाही तर फाडून टाक.

‘आजोबांनी पासबुक यंत्रात सरकवलं. यंत्राने ते तसंच बाहेर ढकललं.
“काका, नवीन काही नाहीये,” वॉचमन म्हणाला.
“टाकतोच म्हणाला होता,” आजोबा म्हणाले. त्यांनी पासबुक शर्टाच्या बाहीला पुसलं आणि पुन्हा सरकवलं.’

यात मुलगा हा शब्द कुठेच नाही. आपल्या क्रियापदाला लिंग असतं, वचन असतं. ‘म्हणाला’ म्हटलं की पुरुष आणि नात्यात एकेरी, एवढं फुकटात कळतं. शिवाय तो ‘च’ बघ. नुसतं ‘टाकतो’ असतं तर तो पहिलाच वायदा वाटला असता. ‘टाकतोच’ म्हणणाऱ्याने आधी दोन-चार वेळा ‘टाकतो’ म्हटलेलं असतं. तुझी तीन वर्षं त्या एका अक्षरात बसली, आणि व्याजाची भानगडही मिटली.

मोठ्या लोकांचंही असंच असतं. ग्वाटेमालाचे ओगुस्तो मोंतेरोसो यांची 1959 साली पुस्तकात आलेली डायनासोरची गोष्ट मूळ स्पॅनिशमध्ये सात शब्दांची आहे. कोणीतरी जागं होतं, आणि डायनासोर अजूनही तिथेच असतो. संपली. त्यातला ‘अजूनही’ काढून बघ, नुसता प्राणी उरतो. डायनासोर ‘अजूनही’ तिथे आहे म्हणजे झोपण्याआधीही काहीतरी घडलं होतं, आणि ते आपल्याला कोणीच सांगत नाही.

म्हणून शब्द मोजत बसू नकोस. शंभराच्या आत बसवायचं म्हणून तू ‘आणि’, ‘तर’, ‘ना’, ‘बरं का’ छाटतेस आणि ‘विषण्ण’, ‘निःशब्द’ तसेच ठेवतेस. उलट कर. एखादी संध्याकाळ रेशनच्या रांगेत किंवा एसटी स्टँडवर बस, आणि माणसं ‘येणार’, ‘येणार ना’, ‘येणारच होता’ कुठे कुठे म्हणतात ते ऐक. वही काढू नकोस, लोक लगेच शुद्ध बोलायला लागतात.

मेलेल्यांच्या सातही कथा सध्या राहू देत. त्यातल्या आजींच्या कथेत मात्र कपाची दांडी तुटलेली आहे, ती दांडी जपून ठेव, पुढे लागेल.

आणि एक विचारायचं राहिलं. गिरणीवरच्या कथेत दळण परत घेताना ती बाई नवऱ्याला ‘अहो’ऐवजी एकदम ‘अरे’ म्हणते, ते मुद्दाम की लिहिण्याच्या भरात? मुद्दाम असेल तर त्याखालच्या तीनही ओळी काढ आणि परत पाठव. भरात झालं असेल, तरीही काढ. मला मात्र सांगू नकोस.

तुझा,
काका