दहावी टीमपण प्लेऑफमध्ये कशी जाते?

प्रश्न: मुलगा पहाटे उठून एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) बघतो. म्हणतो दहाव्या नंबरची टीमपण प्लेऑफला, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांना, जाऊ शकते. मग आधी सीझनभर ८२ मॅचेस खेळायच्या कशाला? (एक वाचक, सांगली)

उत्तर: मुलगा बरोबर सांगतोय, पण दहाव्याला सोपं नसतं हो. ३० टीम्स, ईस्ट गटात १५ आणि वेस्ट गटात १५, दोन्हीकडे पहिल्या सहा थेट आत. बाकीच्यांसाठी प्ले-इन मॅचेस: सातवी-आठवी एकमेकींशी खेळतात, जिंकली ती सातवी म्हणून आत, आणि हरलेलीला अजून एक चान्स, नववी-दहावीतल्या विजेत्याशी, म्हणजे दहाव्या टीमला लागोपाठ दोन जिंकाव्याच लागतात, तेही दुसऱ्याच्या कोर्टवर. २०२३ ला मायामी हीट पहिली प्ले-इन मॅच हरली, दुसरी कशीबशी काढली आणि आठव्या नंबरवरून पार फायनलला गेली, तिथं डेन्व्हरनं ४-१ नं हरवलं.

प्लेऑफला पुढं चार राउंड, प्रत्येकात सातपैकी चार जिंकायच्या. ८२ मॅचेसचा फायदा इथं कळतो, वरच्या टीमला सातवी मॅच घरी मिळते. तरी गॅरंटी नाही. २०१६ ला गोल्डन स्टेटनं ८२ पैकी ७३ जिंकल्या होत्या, फायनलला क्लीव्हलंडच्या ३-१ नं पुढं होते, आणि सातव्या मॅचला ८९-८९ असताना क्लीव्हलंडच्या लेब्रॉननं मागून पळत येऊन गोल्डन स्टेटच्या इग्वोडालाचा बॉल बास्केटमागच्या बोर्डवर दाबला ना, आपल्याकडं तेव्हा सोमवारची सकाळ होती, माझा चहा तसाच गार झाला. मग क्लीव्हलंडच्याच कायरीचा थ्री (लांबून तीन पॉइंटचा बास्केट), आणि क्लीव्हलंड ९३-८९ नं जिंकलं. मुलाला ही मॅच नक्की दाखवा.