‘किरकोळ लाच’ : चार घरं, तिसऱ्यात ‘मि’

तुम्ही विचारलंय की शब्दकोड्यात उभ्या शब्दाची सूचना ‘किरकोळ लाच’ आहे, घरं चार, तिसऱ्यात ‘मि’ आलाय आणि ‘लुचपत’ काही बसत नाही. उत्तर आहे चिरीमिरी. शिवाय तुम्हाला वाटतं की लाच, हप्ता, मलिदा, वशिला, अपहार, चिरीमिरी हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत. मला ते पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘लाच’ संस्कृतातल्या ‘लञ्चा’वरून आला, कन्नडमध्येही ‘लंच’च म्हणतात. हा सर्वांत उघडा शब्द. ‘हप्ता’ म्हणजे मुळात फारसीतला आठवडा, त्यामुळे ठरलेल्या मुदतीला पोचतो तोच हप्ता. एकदाच दिलेल्या पैशाला कोडं रचणारे हप्ता म्हणतात तेव्हा मला राग येतो. ‘मलिदा’ म्हणजे तूप-गूळ घालून कुस्करलेली पोळी. तो वरचे लोक खातात. ‘वशिल्या’त पैसा असेलच असं नाही, ओळख पुरते. आणि ‘अपहारा’त देणारा कोणी नसतोच, ज्याच्या हाती तिजोरी तोच नेतो.

पण ‘चिरीमिरी’ मला सर्वांत जास्त खुपते. वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी मी आईबरोबर एका कार्यालयात गेले होते. समोरच्या माणसाने पेनाचं टोपण लावून ठेवलं, रजिस्टर मिटलं आणि म्हणाला, “चहापाण्याचं बघा काकू.” आईने चष्म्याच्या घरातून शंभराच्या दोन नोटा काढल्या. टोपण निघालं. ‘लाच’ हा शब्द त्याने उच्चारला नाही, आईनेही नाही. रात्री हिशेबाच्या वहीत तिने लिहिलं : दूध, किराणा, रिक्षा, चिरीमिरी २००. किराण्याच्या खाली, त्याच शाईत. आयुष्यभर कुणाचा रुपया न बुडवलेली बाई ती.

१९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात ‘किरकोळ’ असा वेगळा कप्पा नाही. दोनशे घेतले तरी लाचच. २०१८च्या दुरुस्तीपासून देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच सुटका. महाराष्ट्रात कोणी मागितलीच तर देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. कोड्याच्या उत्तरात हे कशाला, असं वाटेल, पण आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

आता तुमचा दुसरा अडलेला शब्द : ‘पैशांचा घोळ’, सहा घरं, शेवटी ‘र’. इथे दोन शब्द बसतात, म्हणून घाईने शाईने लिहू नका. अफरातफर आणि गैरव्यवहार, दोन्ही सहा अक्षरी. आडवा शब्द आधी सोडवा. दुसऱ्या घरात ‘फ’ आला तर अफरातफर, ‘र’ आला तर गैरव्यवहार.