नुकताच पीएचडीला प्रवेश घेतला आहे. विद्यापीठाचे संगणक आणि नेटवर्क वापरताना खरोखर काय सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की नियमावलीच्या लांबलचक पानांवर सही केली, पण रोजच्या कामात त्यातलं काय महत्त्वाचं ते कळलं नाही. शिवाय प्रयोगशाळेत सगळे एकमेकांचे पासवर्ड वापरतात, ते चालतं का, हेही विचारलंय.

पासवर्डचं आधी सांगतो. देऊ नका. सिनियरला नाही आणि गाइडनाही नाही. मी संशोधन करत असताना विभागाचा सर्व्हरही सांभाळायचो, तेव्हा एकाच खात्यावर चौघं काम करताना पाहिलेत. अशा खात्यावरून काही भलतंच घडलं की कोणी केलं ते शोधता येत नाही आणि जबाब मात्र खातेदाराला द्यावा लागतो. गाइडना डेटा हवा असेल तर अॅडमिनकडून प्रकल्पाचा सामाईक फोल्डर करून घ्या, म्हणजे ज्याला-त्याला आपापल्या खात्यातून तो उघडता येईल. घाईत फोल्डर सगळ्या जगासाठी वाचा-लिहायला खुला करून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

मे २०२० मध्ये युरोपातले अनेक महासंगणक बंद ठेवावे लागले होते, त्यात एडिंबरा विद्यापीठातला ‘आर्चर’ही होता. घुसखोर आत आले ते संशोधकांची एसएसएच (दुसऱ्या संगणकात दुरून सुरक्षितपणे शिरायची पद्धत) लॉगिन चोरून. एका केंद्रातलं खातं हाती लागलं की तिथून पुढच्या केंद्रात जाता येतं, कारण आपण संशोधक सगळीकडे त्याच किल्ल्या घेऊन फिरतो. म्हणून एसएसएच कीला, म्हणजे लॉगिनसाठी वापरायच्या किल्लीच्या फाइलला, पासफ्रेज (लांब पासवर्ड) लावा, खाजगी की सामाईक मशीनवर ठेवू नका आणि दुहेरी पडताळणी मिळत असेल तर ती आजच सुरू करा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. संशोधक विद्यार्थ्याच्या हातात पदवीच्या विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी जास्त अधिकार असतात, आणि तो काय करतोय हे रोज बघणारं सहसा कोणी नसतं. त्यामुळे मोठं नुकसान पुष्कळदा चांगल्या हेतूनेच होतं. नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या संशोधक विद्यार्थ्याने इंटरनेटवर स्वतःहून पसरणारा एक प्रोग्राम सोडला. तो गुपचूप पसरावा एवढीच अपेक्षा होती. पण मशीनवर आधीच एक प्रत चालू असली तरी दर सातातून एकदा नवी प्रत टिकून राहायची. ते प्रमाण फार जास्त ठरलं आणि हजारो मशीन प्रतींच्या ओझ्याखाली ठप्प झाली. न्यायालयाने तीन वर्षांचं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा दिली. नुकसान करायचा इरादा नव्हता, हा बचाव अपिलातही टिकला नाही. परवानगीशिवाय शिरकाव जाणूनबुजून केला, एवढं पुरेसं ठरलं.

तुम्हालाही कधीतरी विभागाच्या सर्व्हरवर एखादी फट दिसेल. दिसली की तिथेच थांबा आणि जे दिसलं तेवढं लेखी कळवा. ‘किती आत जाता येतं ते जरा बघू’ हा मोह कितीही शास्त्रीय वाटला तरी आवरा. आणि दुसऱ्यांच्या चालू यंत्रणेवर प्रयोग करायचा असेल तर त्यांची संमती आधी घ्या. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीच्या गाभ्यात) सदोष बदल खपतात का हे न सांगता तपासलं, तेव्हा एप्रिल २०२१ मध्ये त्या विद्यापीठातून येणारं सगळंच योगदान नाकारायचा निर्णय झाला. त्या प्रयोगाशी संबंध नसलेलेही त्यात भरडले गेले.

लेख डाउनलोड करतानाही असंच होतं, एकाच्या कृतीचा फटका सगळ्यांना बसतो. साहित्याचा आढावा घ्यायला म्हणून कोणीतरी स्क्रिप्ट लिहून एका रात्रीत हजारो शोधनिबंध ओढतो. प्रकाशकाच्या यंत्रणेला तो हल्ला वाटतो आणि ती विद्यापीठाचे आयपी पत्तेच (नेटवर्कवरची संगणकांची ओळख) अडवते. सकाळी ज्याचा प्रबंध सादर व्हायचा आहे त्यालाही लेख उघडत नाही. खरं तर यासाठी सरळ रस्ता असतो. ग्रंथालयात विचारा, बऱ्याच प्रकाशकांकडे मजकूर-विश्लेषणासाठी वेगळा एपीआय, म्हणजे प्रोग्रामने लेख मागवायचा अधिकृत मार्ग, असतो. ‘आर्काइव्ह’ (arXiv) हे शोधनिबंधांचं खुलं संकेतस्थळ तर आपला साठा घाऊक उतरवून घ्यायची सोयच देतं.

क्लस्टरबद्दल, म्हणजे मोठ्या गणितांसाठी जोडलेल्या अनेक संगणकांबद्दल, थोडक्यात: लॉगिन नोडवर, म्हणजे आत शिरल्यावर पहिल्यांदा लागणाऱ्या मशीनवर, गणितं चालवू नका, तो सगळ्यांचा उंबरठा आहे. काम रांगेत टाका, आधी छोट्या नमुन्यावर चालवून बघा आणि लागेल तेवढीच मेमरी मागा. स्क्रॅचमधल्या (तात्पुरत्या साठवणीच्या जागेतल्या) फायली कायमच्या समजू नका. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपच्याच स्क्रिप्टमधल्या दोषामुळे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. मूळ निरीक्षणांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणं हे तुमचंच काम आहे.

मुलाखती, वैद्यकीय नोंदी असं माणसांबद्दलचं काही हाताळत असाल तर आणखी जपा. सहभागींनी संमतिपत्रावर सही केली ती तुमच्या अभ्यासासाठी. ती मुलाखत सारांश काढायला बाहेरच्या एआय सेवेत चिकटवली की ती त्या संमतीच्या बाहेर गेली. आधी नैतिकता समितीला विचारा. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करा, हरवला तर निदान माणसं उघडी पडणार नाहीत.

फसव्या ईमेलवर क्लिक झालंच तर लाजून गप्प बसू नका, त्याच तासात संगणक केंद्राला सांगा. सर्व्हर सांभाळताना मला लवकर कळवणाऱ्याचा कधी राग आला नाही, कारण खातं वेळीच गोठवता यायचं.

आणि नियमावलीत तुमच्या कामाचं उत्तर सापडलं नाही तर दोन ओळींचा ईमेल करा: ‘मला अमुक काम करायचंय, अमुक मशीनवर, साधारण इतका वेळ चालेल आणि इतका डेटा लागेल. चालेल का?’ उत्तर आलं की ते जपून ठेवा.